छापील रेघ आणि हाताचा रंग

पांढुर्ण्याचे नाव काढले की बाहेरच्या माणसास जाम नदीच्या पात्रातील गोटमार आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये होणाऱ्या त्या दगडफेकीविषयी वर्तमानपत्रांनी इतके लिहिले आहे की, त्या गावात वर्षाचे आणखीही दिवस असतात याचा लोकांस विसर पडावा. आम्ही तेथे गेलो तो डिसेंबरात. बाजारात आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या राशी पडल्या होत्या, आणि ज्या ख्रिस्ती कुटुंबात आम्ही उतरलो होतो तेथील शाळकरी मुलगी ओसरीवर नाताळची भेटकार्डे करीत बसली होती.

भाषेच्या दृष्टीने हा मुलूख मोठा मौजेचा आहे. पांढुर्णा व सौंसर हे दोन्ही तालुके मराठी बोलणारे. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे दोन तालुके छिंदवाड्याबरोबर मध्यप्रदेशात राहिले. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांचा मिळून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. त्यामुळे तेथील मूल शाळेत 'बडा दिन' म्हणते आणि घरी आल्यावर 'नाताळ' म्हणते. हा दुसरा शब्द पोर्तुगीज आहे, तो गोमंतकाच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या त्या मुलीस तो आपल्या आजीइतकाच घरचा वाटतो. आमच्या कोंकणी वाचकांस याचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.

मुलीपुढे जाड कागदाचे तुकडे होते व त्यांवर नुसत्या काळ्या रेघांची चित्रे होती: एक सूचिपर्ण वृक्ष, एक कंदील, कानटोपी घातलेला एक पक्षी. कोणा परदेशी चित्रकर्त्रीने काढलेली ही रेखाचित्रे थोडे पैसे भरून संगणकावर उतरवून घ्यावयाची, कागदावर छापावयाची आणि मग त्यांत आपल्या हाताने रंग भरावयाचे, अशी ही रीत आहे. तिला डिजिटल स्टँप म्हणतात. पूर्वी याच कामासाठी रबराचे ठसे मिळत. येथे ठसा नाही, शाईची गादी नाही, ठशाचे फक्त चित्र आहे. ते हवे तेवढे मोठे करता येते, लहान करता येते, डाव्याचे उजवे करता येते.

आजी जवळच तांदूळ निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, "चित्र दुसरीनं काढलं, छापलं दुकानदारानं. मग हिच्या हातचं त्यात काय राहिलं?"

मुलीचा चेहरा उतरला. तिने आम्हांस विचारले, "काका, हे हातचं म्हणायचं की छापील?"

त्या वेळी आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. परंतु प्रश्न मनातून गेला नाही, आणि जुनी कागदपत्रे चाळू लागलो तेव्हा असे दिसून आले की, नाताळच्या कार्डाचा जन्मच मुळी या प्रश्नासकट झालेला आहे.

ही हकीकत १८४३ सालची. लंडनचे हेन्री कोल हे पुढे साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयाचे पहिले प्रमुख म्हणून प्रसिद्धीस आले. परंतु त्यापूर्वी १८४० साली एक पेनीत कोठेही पत्र पाठविण्याची जी टपालपद्धती सुरू झाली तिच्या उभारणीत त्यांनी हात लावला होता. टपाल स्वस्त झाले आणि पत्रे वाढली. नाताळात प्रत्येकाच्या पत्रास स्वहस्ते उत्तर लिहिणे अशक्य झाल्यावर त्यांनी आपले चित्रकार मित्र जॉन कॅलकॉट हॉर्सली यांजकडून एक चित्र काढवून घेतले. मध्यभागी मेजाभोवती बसलेले कुटुंब, एका बाजूस भुकेल्यास अन्न आणि दुसऱ्या बाजूस उघड्यास वस्त्र. मेजावरील एका बालकाच्या ओठांस मद्याचा पेला लावलेला होता, त्यावरून मद्यपाननिषेधाच्या पुरस्कर्त्यांनी बराच गिल्ला केला. पण तो भाग येथे सोडून देऊ. आमच्या कामाची गोष्ट ही की, त्या कार्डाच्या सुमारे एक हजार प्रती शिळाछापावर निघाल्या त्या केवळ रेघांच्या. रंग त्यांत मागाहून कारागिराने हाताने भरले. वर पाठविणाऱ्याचे व ज्यास पाठवावयाचे त्याचे नाव लिहिण्यास जागा कोरी ठेवलेली होती. किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पत्रांचा टपालखर्च! म्हणजे रेघ एकाची, छपाई दुसऱ्याची, रंग तिसऱ्याचा आणि स्नेह चवथ्याचा. आमच्या पांढुर्ण्याच्या मुलीकडे यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी एकाच हाती आलेल्या आहेत, हा त्या पहिल्या कार्डापेक्षा तिचा अधिकपणाच म्हणावयाचा.

तथापि ही रीत लंडनात निघाली असेही कोणी समजू नये. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यास आला हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर चोवीस वर्षांनी, १५८० साली, गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री फत्तेपूर शिक्रीस अकबराच्या दरबारी पोहोचले. त्यांनी बादशहास अँटवर्प येथे छापलेले बहुभाषी बायबल नजर केले. त्यात कोरीव ठशांची चित्रे होती. पुढे अशी काळी-पांढरी युरोपीय चित्रे दरबारी चितारी समोर ठेवून गिरवू लागले आणि त्यांतील येशूची, मातेची, संतांची रूपे आपल्या रंगांत उतरवू लागले. अबुल हसन या मुलाने १६०० साली ड्यूररच्या १५११ मधील एका ठशावरून संत योहानाचे चित्र काढले, तेव्हा त्याचे वय जेमतेम बारा-तेरा होते. ते चित्र आज ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे आणि ते अबुल हसनचे म्हणूनच ओळखले जाते. छापील रेघेवरून काढले, सबब ते त्याच्या हातचे नव्हे, असे म्हणण्याचे धाडस आजवर कोणी केलेले आम्हांस ठाऊक नाही.

आणि दरबाराची गोष्ट कशास हवी? दिवाळीच्या बाजारात रांगोळीचे भोके पाडलेले छाप मिळतात. त्यांतून पांढरी रेघ पाडावयाची व मग आत रंग भरावयाचे. त्या रांगोळीस कोणी परक्याची रांगोळी म्हणत नाही.

हात खरोखर सुटला तो पुढे. १८७० साली इंग्लंडात अर्ध्या पेनीत कार्ड पाठविण्याची सोय झाली. त्याच दशकात बोस्टनच्या लुई प्रँग यांनी अनेक रंगांच्या शिळाछापाची सुबक कार्डे काढून अमेरिकेत ती रीत रूढ केली. हिंदुस्थानात १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. रंगही यंत्रच भरू लागल्यावर पाठविणाऱ्यास सही करण्यापलीकडे काही उरले नाही. आज मोबाइलवरून शंभर जणांस एकच तयार चित्र जाते, तेव्हा तेवढी सहीही उरत नाही. छापील रेघेत पुन्हा हाताने रंग भरण्याची ही नवी हौस त्यामुळे नवी नसून १८४३ सालाकडे वळलेली आहे.

एवढे झाल्यावर आजींच्या बोलण्यातला काटा मात्र उरतोच. रंग आपला असेल. पण रेघ कोणाची? पांढुर्ण्यास बर्फ पडत नाही. सूचिपर्ण वृक्ष त्या मुलीने पाहिलेला नाही. छिंदवाड्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडनचे लुथरन मिशनरी आले, त्यांच्या देशात जेनी न्यूस्त्रमसारख्या चित्रकर्त्रीने नाताळच्या कार्डांवर बर्फातील लाल टोपीचे घरबुटके रंगविले, आणि ते तेथे शोभले, कारण ते तेथल्याच लोककथांतून आले होते. आपण ते येथे का रंगवावे?

याच प्रश्नापायी एका गोमंतकीय चित्रकारास गाव सोडावे लागले. आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांतु इस्तेव्ह येथला. मुंबईचे शिक्षण अपुरे वाटून ते शांतिनिकेतनास गेले आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बसू यांजपाशी शिकले. हे नंदलालबाबू स्नेह्यांस साध्या पोस्टकार्डावर शाईने दोन-चार रेघांचे चित्र काढून पाठवीत. दांडीयात्रेतील काठी घेतलेल्या गांधींचा १९३० सालचा त्यांचा लिनोचा ठसा तर सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा गुरूंकडून रेघ शिकून फोन्सेका गोव्यास परतले आणि त्यांनी मरियेस साडी नेसविली, तिला आपल्याकडील बाईचा सावळा चेहरा दिला. पुष्कळांस ते रुचले नाही. युरोपीय चेहऱ्याची माता जन्मभर पाहिलेल्या भाविकांस ती ओळखू येईना. फोन्सेका अखेर पुण्यास आले, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढीत राहिले आणि १९६७ च्या डिसेंबरात निवर्तले. त्यांचा मोठा चित्रसंग्रह आज गोव्यातच, पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात, जतन केलेला आहे. ज्या भूमीने चित्रकारास दूर लोटले तिनेच त्याची चित्रे पुढे सांभाळावी, हेही आपल्याकडचेच.

ही हकीकत आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर सांगितली. आजींनी ती ऐकून घेतली, काही बोलल्या नाहीत. मुलगी आपल्या अडचणीत होती. घरच्या शाईफवाऱ्याच्या यंत्रावर छापलेल्या चित्रावर पाण्याचा रंग लावताच काळी रेघ फुटत होती. हा अनुभव पुष्कळांस येतो. अशा यंत्राची बरीचशी शाई पाण्यात विरघळणारी असते. उलट झेरॉक्सच्या दुकानातील काळी भुकटी उष्णतेने कागदावर वितळून बसते, तीवर जलरंग निर्धास्त चालतो. मात्र स्पिरिटच्या मार्करने तीच रेघ पसरते, म्हणून तेथे रंगीत पेन्सिल बरी. कागद फार जाड असला तर दुकानदार कुरकुर करतो. सुमारे दोनशे ग्रॅमचा कागद बहुधा चालतो. आणखी एक गोष्ट: विकत घेतलेल्या रेखाचित्राची कार्डे करून थोडीफार विकण्यास पुष्कळ चित्रकर्त्या परवानगी देतात, परंतु मूळ चित्र मैत्रिणीस परस्पर देऊ देत नाहीत. हे विकत घेण्यापूर्वी वाचून घ्यावे.

मुलगी छाप काढण्यासाठी दुकानात जावयास निघाली, तेव्हा आजी उठल्या आणि आतून पत्र्याची पेटी घेऊन आल्या. पेटीत तळाशी पिवळा पडलेला एक पातळ कागद घडी करून ठेवलेला होता. तो उजेडापुढे धरल्यावर त्यात बारीक बारीक भोकांनी टोचलेली वेल दिसली आणि वेलीवर समोरासमोर बसलेले दोन राघू. भरतकामाचा खाका होता तो. त्यावर रॉकेलात कालविलेली निळीची पूड पुसली की खाली कापडावर छाप उठे, आणि आजींनी सौंसरच्या माहेरी असताना त्यावरून उशांचे अभ्रे भरले होते. खाका त्यांनी काढलेला नव्हता. त्यांच्या मावशीकडून आला होता, आणि मावशीकडे कोठून आला हे त्यांस सांगता येईना.

"हा छापून येईल का गं त्या दुकानात?" त्यांनी विचारले.

भोके फिकी उठली, म्हणून मुलीने ती शिसपेन्सिलीने जोडून घेतली व चित्र निम्म्याने लहान करून आणले. दुपारपर्यंत नऊ कार्डे झाली. राघूंच्या मध्ये तिने एक तारा काढला, आणि वेलीस, खाक्यात नसलेली, तीन संत्री लावली. आजींनी एका कार्डातील राघूची चोच स्वतः रंगविली. ते कार्ड आम्हांस मिळाले.