गवताला झाड म्हणणारा कायदा

टोपली विणायला बसलं की बुरूड आधी जमिनीवर कामट्या आडव्या-उभ्या टाकतात. त्यातून एक चौकोन तयार होतो. मग तोच चौकोन वर चढताना हळूहळू गोल होत जातो आणि काठाशी येऊन पूर्ण वर्तुळ होतो. साचा नाही, रेखाटन नाही, खिळा नाही. सगळी मापं बोटांत. हेच काम कलादालनात दिसलं, तर आपण त्याला शिल्प म्हणू. आठवडी बाजारात दिसतं, म्हणून दहा रुपये कमी करायला सांगतो.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. इथलं बांबूचं विणकाम मात्र त्याहून कितीतरी जुनं आहे. त्याचे आकार ठरवले ते इथल्या भूगोलाने: धानाच्या बांध्या, जागोजागचे तलाव आणि जंगल. धान पाखडायचं, म्हणून सूप तीन बाजूंनी उचललेलं आणि समोरून मोकळं. धान साठवायचं, म्हणून कणगी पोट फुगलेली, शेणामातीने लिंपलेली. तलावातला मासा आत शिरावा पण परत फिरू नये, म्हणून सापळ्याचं तोंड आतल्या बाजूला निमुळतं.

इथल्या जंगलात प्रामुख्याने मानवेल आणि काटेरी कटांग हे बांबू मिळतात. विणायला बांबू हिरवाच लागतो. वाळला की त्याच्या कामट्या वाकत नाहीत, तुटतात. त्यामुळे वर्षभराचा साठा करून ठेवणं बुरुडाला जमत नाही. त्याला पुन्हा पुन्हा जंगलाकडे जावंच लागतं. या कलेच्या इतिहासात कायदा शिरतो तो इथे.

वनस्पतीशास्त्राच्या लेखी बांबू हे गवत. पण १९२७च्या भारतीय वन कायद्याने ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूही घातला. मग तोडायला परवानगी आणि न्यायला वाहतूक परवाना आला. स्वातंत्र्यानंतरही ही व्याख्या तशीच राहिली. विदर्भातल्या जंगलांतला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात राहिला आणि बुरूड सवलतीच्या बांबूसाठी वनखात्याच्या वाटपाकडे डोळे लावून बसला.

त्याच काळात जगात दुसरीकडे काय चाललं होतं? जपानमध्ये १९६७ साली बेप्पूचे टोपलीकार शोनो शोउन्साई यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान मिळाला. बांबूकामासाठी तो मिळवणारे ते पहिलेच. आपल्याकडे मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांनी साध्या दोरखंडाला गाठी मारत माणसाएवढी, झाडापानांसारखी उमलणारी शिल्पं उभी केली. २०१९ साली ती न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये मांडली गेली. त्यांनीही मागाशिवाय, हातानेच काम केलं. गाठ आणि वीण यांना कला म्हणायला जग तयार होतं. सुपापर्यंत मात्र तो शब्द पोचला नाही.

कायद्याची पकड सैल व्हायला बराच वेळ लागला. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवलं आणि गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. तरी शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला स्वतःचा बांबू विकायचा वाहतूक परवाना हातात पडायला २७ एप्रिल २०११ उजाडला. शेवटी २०१७ साली ‘झाडा’च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. नव्वद वर्षांनी गवत पुन्हा गवत झालं.

पण नीट पाहा, या दुरुस्तीचा फायदा कोणाला? ज्याच्या बांधावर बांबू आहे, त्या शेतकऱ्याला. जंगलातला बांबू अजूनही वनोपजच आहे. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तिथे निर्णय ग्रामसभा घेते. ज्या बुरुडाकडे ना शेत, ना असं गाव, त्याला बांबू आजही वाटपातून किंवा बाजारभावानेच घ्यावा लागतो. आणि त्याच्या टोपलीशेजारी प्लॅस्टिकची टोपली स्वस्तात विकायला ठेवलेली असते.

बाळाला सुपात ठेवायची रीत आपल्या कित्येक घरांत अजून पाळली जाते. तेवढ्यापुरतं एक नवं सूप लागतंच. या वेळी ते आणाल तेव्हा विणणाऱ्याला किंमत विचारण्याआधी एवढंच विचारा: बांबू कुठून आणलात?