दप्तरांच्या याद्या आणि संगणकांतील भाषा-प्रदेशाची निवड

जुन्या दप्तरांच्या व पोथ्यांच्या याद्या अलीकडे संगणकावर तयार होतात. संगणकांत भाषा व प्रदेश निवडण्याचें एक 'सेटिंग' असतें. पडद्यावरील शब्द कोणत्या भाषेंत दिसावे, एवढ्यापुरतेंच तें आहे असा पुष्कळांचा समज दिसतो. वस्तुतः वर्णानुक्रम, तारीख व कालगणना या तिहींवर त्याचा परिणाम होतो. सबब या विषयाचा थोडा ऊहापोह येथें करीत आहों.

प्रथम वर्णानुक्रम. १९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तींत देवनागरी अक्षरांस जे क्रमांक मिळाले, त्यांत 'ळ' हा 'ल'च्या लगत आहे; 'क्ष' व 'ज्ञ' यांस स्वतंत्र क्रमांकच नाहीं, तीं जोडाक्षरें म्हणून लिहिलीं जातात. यामुळें नुसत्या क्रमांकांवरून यादी लाविली तर 'काळे' हें नांव 'कावळे' याच्या आधीं येतें, 'क्षीरसागर' 'क'मध्यें जातें व 'ज्ञानेश्वरी' 'ज'मध्यें सांपडते. मराठी वर्णमालेंत 'ळ' हा 'ह'च्या पुढें, आणि 'क्ष', 'ज्ञ' अगदीं शेवटीं. युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहांत मराठीचा हा क्रम नमूद आहे. परंतु मराठी भाषा निवडलेली असेल व आज्ञावली तो संग्रह पाळीत असेल, तरच त्याचा उपयोग.

तारखेचा घोटाळा याहून घातक. ४/५/१९१८ असें लिहिलें असतां भारतीय निवडींत ती ४ मे होते, अमेरिकन निवडींत ५ एप्रिल. एक्सेलमध्यें तारीख एका अंकाच्या रूपानें सांठविली जाते. म्हणून एकदां चुकीची घेतलेली तारीख मागाहून निवड बदलून सुधारत नाहीं. १९०० पूर्वींची तारीख तर एक्सेल तारीख म्हणून ओळखीतच नाहीं. ती केवळ मजकूर राहते.

तिसरी गोष्ट शकाची. कालगणनांच्या यादींत भारतीय राष्ट्रीय पंचांग दिसतें, त्यास पाहून शालिवाहन शकाची सोय झाली असें कोणी मानूं नये. २२ मार्च १९५७ पासून सुरू झालेलें हें पंचांग सौर आहे. आमच्या कागदांतील मिति चांद्र. उदाहरणार्थ, शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ या दिवशीं झाला. तत्कालीन इंग्रजांच्या ज्यूलियन गणनेनें तो दिवस ६ जून १६७४, ग्रेगोरियन गणनेनें १६ जून. राष्ट्रीय पंचांगाचा नियम मागें नेल्यास १६ जूनचा ज्येष्ठ २६ होतो. आणि ६ जून हीच ग्रेगोरियन समजली तर ज्येष्ठ १६. शक जुळतो, महिनाही जुळतो, म्हणूनच चूक लक्षांत येत नाहीं.

यावरून आमचें मत असें कीं, मूळ मिति कागदांत असेल तशीच, मजकूर म्हणून, वेगळ्या रकान्यांत उतरावी. रूपांतरित तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमानें देऊन ती ज्यूलियन कीं ग्रेगोरियन हें सांगावें. यादीच्या मथळ्याशीं निवडलेली भाषा व प्रदेश नोंदवावा. मूळ कागद जीर्ण होऊन गेल्यावर पुढील अभ्यासकाच्या हातीं यादीच उरते. तिच्यांतील मिति संगणकानें बनविलेली कीं लेखकानें लिहिलेली, हें त्यास ओळखतां आलें पाहिजे.