पुढे, मागे, मध्ये : मालगाडीच्या इंजिनाची कुळकथा

कोलकात्यात हुगळीच्या काठी, मटियाबुर्जला लागून गार्डन रीच आहे. आज तिथे दक्षिण पूर्व रेल्वेचं मुख्यालय आहे. पूर्वी तिथूनच बंगाल नागपूर रेल्वेचा कारभार चाले. ही कंपनी १८८७ सालची. नागपूरहून राजनांदगावला जाणारी मीटर गेज छत्तीसगड लाइन ताब्यात घेऊन तिने ती रुंद केली, १८९१ पर्यंत आसनसोलला नेऊन भिडवली आणि १९०० साली हावड्यापर्यंत आणली. कोळसा आणि खनिज हा तिचा मुख्य धंदा. त्यामुळे जड गाडीला इंजिनं किती आणि नेमकी कुठे लावायची, हा प्रश्न तिच्या पाचवीला पुजलेला होता.

त्याचं एक उत्तर त्याआधीच आपल्या बोरघाटात मिळालं होतं. १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली तेव्हा सगळ्यात कठीण चढ होता ३७ फुटांमागे १ फूट. घाटात बैलगाडी चढवताना बैल पुढून ओढतात आणि माणसं मागून चाकाला खांदा देतात, तसं इथे गाडीच्या शेपटाला जादा इंजिन लागतं. रेल्वेतली माणसं त्याला बँकर म्हणतात. आजही कर्जतला गाड्या थांबतात, मागे बँकर जोडले जातात, आणि त्या थांब्याच्या जिवावर कर्जतच्या वड्याचं नाव झालं.

जादा इंजिन पुढेच का लावू नये? कारण कपलिंग. पहिल्या वाघिणीच्या कपलिंगवर तिच्यामागच्या अख्ख्या गाडीचा ताण येतो, दुसरीच्या कपलिंगवर एक वाघीण वजा जाता उरलेला, आणि असं करत शेवटापर्यंत. पुढे कितीही ताकद वाढवली तरी ती सगळी त्या एका पहिल्या सांध्यातूनच जायची. इंजिन मागे लावलं की गाडीचा काही भाग ओढला जातो, काही ढकलला जातो आणि पहिल्या सांध्याचा भार हलका होतो. शिवाय घाटात कपलिंग तुटलंच, तर सुटलेले डबे मागे घरंगळायला बँकर जागाच ठेवत नाही. मात्र ढकलण्यालाही मर्यादा आहे. वळणावर मागून फार रेटलं तर हलकी रिकामी वाघीण बाहेरच्या बाजूला फेकली जाऊ शकते. पुढून फार ओढलं तर तीच आतल्या बाजूला खेचली जाते.

गार्डन रीचच्या कंपनीने वेगळी वाट धरली. हर्बर्ट गॅरेट या इंग्रज अभियंत्याने १९०७ साली एका नव्या रचनेचं पेटंट घेतलं होतं : मधे एकच मोठा बॉयलर आणि त्याच्या दोन्ही टोकांना चाकांचा एकेक संच. त्या जातीचं छोटं इंजिन १९११ मध्येच दार्जिलिंगच्या रुळांवर आलं होतं. बंगाल नागपूर रेल्वेने १९२५ मध्ये अशी दोन मोठी इंजिनं आणून चक्रधरपूर–झारसुगुडा भागात चालवून पाहिली आणि १९२९ पासून २३४ टनी गॅरेट मागवले. सोळा चालक चाकं, आणि दोन इंजिनांचं काम एकाच चालकाच्या हाती. मला हे इंजिन भारतातल्या वाफेच्या काळाचं शिखर वाटतं. पण त्याची सगळी ओढ पुढेच होती. कपलिंगची अडचण तशीच राहिली, आणि ब्रेकचीही.

ब्रेकचं दुखणं कमी दिसतं, पण खरं धोक्याचं तेच. आजच्या मालगाडीत शेवटच्या वाघिणीपर्यंत दाबलेल्या हवेची एक नळी जाते. चालकाने हवा सोडली की दाब पुढून मागे उतरत जातो आणि ब्रेक लागतात. ही खबर ध्वनीपेक्षा जलद पोचू शकत नाही, २.८ किलोमीटरच्या गाडीत पुढून मागे जायला तिला किमान ८ सेकंद हवेत, प्रत्यक्षात जास्तच लागतात. तेवढा वेळ पुढचे डबे थांबू पाहतात आणि मागचे हजारो टन त्यांच्यावर चालून येतात. ब्रेक सोडताना उलटं होतं : पुढचे मोकळे, मागचे अडकलेले, आणि मधल्या कपलिंगला हिसका. इंजिनं गाडीत जागोजागी असली तर हवा एकाच वेळी अनेक ठिकाणी सोडता येते, भरताही येते.

त्यासाठी त्या इंजिनांनी एकाच हाताचं ऐकायला हवं. बँकरचा चालक शिट्ट्यांच्या खुणांवर चाले, पुढे वॉकीटॉकी आला. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या सदर्न रेल्वेचे अध्यक्ष डी. डब्ल्यू. ब्रॉस्नन यांनी पाठपुरावा केला आणि मधलं इंजिन पुढच्या चालकाने रेडिओवरून चालवायची यंत्रणा उभी राहिली. तिचं टोक ऑस्ट्रेलियात दिसलं : २००१ साली ६८२ वाघिणी, ८ इंजिनं, ७.३ किलोमीटर लांबी आणि चालक एकच.

आपल्याकडे जून २०२०च्या अखेरीस भरलेले तीन रेक, म्हणजे वाघिणींचे तीन अख्खे संच, जोडून 'सुपर अ‍ॅनाकोंडा' निघाली : १७७ वाघिणी, १५,००० टनांहून अधिक वजन, लाजकुरा ते राउरकेला. शंभराला एक अशा चढावर १५,००० टन नुसते धरून ठेवायलाच १५० टनांची ओढ लागते. सगळी इंजिनं पुढे असती तर ती एका कपलिंगवर आली असती. प्रत्येक रेकच्या तोंडाशी इंजिन ठेवलं की वाट्याला ५०-५० येते. राउरकेला आहे चक्रधरपूर विभागात, म्हणजे गार्डन रीचच्याच अखत्यारीत. त्याच्या पंचाण्णव वर्षं आधी ते दोन गॅरेट पारखले गेले, त्याच लोहमार्गावर. सुपर अ‍ॅनाकोंडानंतर काही दिवसांतच चार रिकामे रेक जोडलेली 'शेषनाग' नागपूरहून कोरब्याकडे गेली : २५१ वाघिणी, २.८ किलोमीटर.

अशी गाडी एकाच वेळी एका चढावर, एका उतारावर आणि पुन्हा चढावर असू शकते. उतारावरच्या इंजिनाने आवरायचं आणि चढावरच्याने जोर लावायचा, हे पुढे बसलेल्या लोको पायलटला न दिसणाऱ्या रुळांचा अंदाज बांधून ठरवावं लागतं. त्या कसबाबद्दल मला मनापासून आदर आहे. इंजिनाच्या जागेचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला. गाडीच्या जागेचा उरला आहे. आपल्या बहुतेक स्थानकांतल्या लूप लाइन साधारण ७०० मीटरच्या, एका रेकपुरत्या. शेषनागला बाजूला घ्यायला जागाच नाही, तिच्यासाठी अख्खा मार्ग मोकळा ठेवावा लागतो. मालगाड्यांसाठीच्या पूर्वेकडच्या वेगळ्या मार्गावर दीड किलोमीटरची गाडी गृहीत धरली आहे. तो कोलकात्याजवळच्या डानकुनीपर्यंत आणायचं मुळात ठरलं होतं. गाड्या धावताहेत त्या अजून बिहारातल्या सोननगरपर्यंतच.