अंधारातला तोल

बिदरला लागून असलेल्या नौबादेत पंधराव्या शतकातला, बहामनी काळातला भुयारी जलमार्ग आहे. इराणी पद्धतीचा, म्हणून त्याला ‘करेझ’ म्हणतात. जांभ्या खडकात खोदलेल्या त्या बोगद्यात उजेडवाऱ्यासाठी जागोजागी उभी विवरे आहेत. दोन विवरांमधल्या काळोखात, ओल्या चिखलात माणूस कशाच्या बळावर उभा राहतो? वैद्यकाने हा प्रश्न फार उशिरा विचारला.

भोवळ आली की आपण मराठीत ‘डोके गरगरते’ म्हणतो, कानडीत ‘तले सुत्तु’. दोन्ही भाषांनी डोक्यालाच धरले. कानावर संशय गेला नाही. 1861 मध्ये पॅरिसच्या प्रॉस्पेर मेनिएर यांनी अशी भोवळ अंतःकर्णातून येऊ शकते असे मांडले. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात, दोन पिशव्या त्याचा कल. डोळे, आणि पायांचे तळवे व सांधे हे आणखी दोन साक्षीदार. तिघांच्या साक्षीवर मेंदू आपल्याला उभे ठेवतो.

एक साक्षीदार गेला तर काय होते, हे एका औषधाने दाखवले. 1943 मध्ये अमेरिकेत सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे पहिले प्रभावी औषध. पुढे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्येही ते बनू लागले. त्याने असंख्य जीव वाचवले. पण काहींच्या अंतःकर्णातल्या केशपेशी मारल्या, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. अशाच एका अमेरिकन डॉक्टराने 1952 मध्ये स्वतःचे हाल लिहिले. नाडीच्या ठोक्यासरशी अक्षरे हलत, म्हणून तो पलंगाच्या गजांत डोके अडकवून वाचे.

आमचे थोरले काका त्या सुयांनी क्षयातून उठले. दिवसा नीट चालत. दिवा मालवला की भिंत धरत, नांगरलेल्या रानात पडत. माळकरी माणसावर गावाने दारूचा आळ घेतला. दोन्ही कानांचा तोल सारखाच गेला की बहुधा गरगरत नाही, म्हणून ‘चक्कर येते’ असेही त्यांना सांगता येईना. उजेडात, टणक जमिनीवर डोळे नि पाय निभावून नेत. काळोखात डोळ्यांची साक्ष जाई, ढेकळांत पायांची.

क्षयाच्या नेहमीच्या उपचारांतून स्ट्रेप्टोमायसिन आता गेले. पण जेंटामायसिन वापरात आहे, आणि त्यालाही हाच धोका आहे. घरातले कोणी अंधारात भिंत धरू लागले, तर आळ घेण्याआधी कोणती इंजेक्शने झाली ते विचारा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. काकांना तेवढे विचारणारे कोणी भेटले नाही.