हैदराबाद कंटिंजंट: फौजेची घटना व स्वारांचा करार

छत्रपति संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) येथील क्रांति चौकाचें जुनें नांव काळा चबुतरा. १८५७ सालीं हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यांतील स्वारांस येथें देहान्त शासन झालें, अशी या स्थळाची ख्याति आहे. इंग्रजी कागदांत हे स्वार बेइमान ठरले. तो ठपका कितपत खरा, हें पाहण्यापूर्वीं त्या फौजेची घटना ध्यानीं घेतली पाहिजे.

उत्तर सरकार प्रांत, व शेवटीं १७८८ मध्यें गुंटूर, कंपनीकडे गेल्यावर निजामाच्या राज्यास समुद्रकिनारा उरला नाहीं. १७९८ च्या तहानें तैनाती फौज आली. तिच्याखेरीज रेसिडेंट हेन्री रसेल (१८११–१८२०) यानें निजामाच्याच फौजेचा कांहीं भाग कवाइती करून इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं दिला. पगार निजामाचा, हुकूम इंग्रजांचा! पगार थकला, कंपनीचें कर्ज चढलें, आणि २१ मे १८५३ च्या तहानें वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रांत खर्चापोटीं लावून घेण्यांत आले. निदान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ व ४ तोफखाने ठेवावयाचे ठरले. फौज निजामाच्या उपयोगासाठीं, परंतु ताबा कंपनीचा.

घोडदळ शिलेदारी पद्धतीचें होतें. असामी म्हणजे घोडा व सरंजाम यांसह चाकरीची जागा. ती ज्याची तो शिलेदार. एकाहून अधिक असाम्या असल्यास तो त्यांवर बारगीर बसवी. शिलेदार असा स्वतःचें भांडवल घालून चाकरीस येई. आपण कोणाचे चाकर व चाकरी कोठवर, हा प्रश्न त्यास सहज सुचणारा होता.

जून १८५७ मध्यें आपणांस दिल्लीच्या बादशहावर नेणार, अशी वार्ता पसरतांच पहिला रिसाला बिथरला. आपली चाकरी दक्षिणेपुरती, असें स्वारांचें म्हणणें होतें. जनरल वुडबर्न पुण्याकडून फौजेनिशीं आला. दफेदार मीर फिदा अली यानें कॅप्टन अ‍ॅबटवर गोळी झाडली; त्यास फाशी झाली. इतर कित्येकांस गोळ्या घातल्या, कांहींस तोफेच्या तोंडीं दिलें. उलटपक्षीं, याच कंटिंजंटच्या दुसऱ्या तुकड्या पुढें सर ह्यू रोजबरोबर मध्य हिंदुस्थानांत लढल्या. १९०३ मध्यें ही फौज हिंदी लष्करांत विलीन झाली.

आमच्या मतें, धनी कोण हा घोळ तहानेंच निर्माण केला. त्याचें प्रायश्चित्त मात्र स्वारांनीं भोगलें. शिलेदार घराण्यांच्या दप्तरांत असामींचे कागद वा हजेरीपट असतील, तर संग्राहकांनीं ते रद्दींत जाऊं देऊं नयेत. धनी म्हणून त्यांवर कोणाचें नांव आहे, एवढें जरी कळलें, तरी या वादाचा निकाल पुष्कळ जवळ येईल.