गुंगीच्या औषधांचा इतिहास: हालचाल थांबली, वेदनेचं काय?

आजचा विषय पशुवैद्यकातला असला तरी आपल्या ठाणे-कल्याणकरांच्या दारात येऊन गेलेला आहे. २० फेब्रुवारी २०१९ रोजी ठाण्यात समतानगरच्या कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला. २४ नोव्हेंबर २०२२ रोजी कल्याण पूर्वेला, चिंचपाडा भागातल्या एका इमारतीत दुसरा घुसला. काही माणसं जखमी झाली. दोन्ही वेळा गुंगीच्या औषधाची सुई मारून बिबट्याला जिवंत पकडलं. बातमीत आपण वाचतो, ‘बेशुद्ध केलं’. या दोन शब्दांमागे बराच इतिहास आहे.

प्राण्याला आडवं पाडण्याच्या दोन वाटा आहेत: एक स्नायूंची, दुसरी मेंदूची. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

पहिली वाट जुनी. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांना क्युरारे हे विष लावत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी बेडकांवर प्रयोग करून दाखवलं, की हे विष मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचू देत नाही, संवेदना मात्र शाबूत राहते. बेडूक बोलत नाही; माणूस बोलतो. १९४० च्या दशकात अमेरिकन डॉक्टर स्कॉट स्मिथ यांनी क्युरारेपासून काढलेलं औषध जागेपणी स्वतःच्या शरीरात टोचून घेतलं. बोट हलेना, श्वास दुसऱ्यांनी द्यावा लागला. परिणाम उतरल्यावर त्यांनी सांगितलं, की सगळा वेळ आपण पूर्ण शुद्धीवर होतो, टोचलेलं कळत होतं.

आता पुढचं बघा. १९५० च्या दशकात अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये औषधी सुई फेकणाऱ्या बंदुका आल्या. त्या छोट्याशा सुईत मावेल एवढ्या औषधात जनावर पडायला हवं होतं. म्हणून सुरुवातीला निकोटीन, सक्सिनिलकोलीन अशी स्नायू लुळे करणारी औषधं वापरली गेली. मात्रा जरा जास्त झाली की श्वास बंद. आणि सक्सिनिलकोलीन तर मेंदूला स्पर्शही करत नाही. म्हणजे प्राणी निपचित, पण भीती आणि वेदना जागी. देकार्तने प्राण्याला यंत्र म्हटलं, ते आपण तत्त्वज्ञानाच्या वर्गात खोडून काढतो. रानात मात्र हे लुळं पाडणं बराच काळ चालू राहिलं.

दुसरी वाट १९६२ साली रुंदावली. जर्मनीत बायर कंपनीत झायलाझीन तयार झालं, तर अमेरिकेत पार्क-डेव्हिससाठी कॅल्विन स्टीव्हन्स यांनी केटामाईन तयार केलं. आज बिबट्यासाठी बहुधा हीच जोडी वापरतात. झायलाझीन मेंदूतल्या नॉरअ‍ॅड्रिनलीनचा, म्हणजे जागं आणि सावध ठेवणाऱ्या रसायनाचा, स्राव कमी करतं. केटामाईन ग्लुटामेट या रसायनाचे निरोप अडवतं, आणि बाहेरच्या जगाशी मेंदूची नाळ जणू सुटते. वेदना दबते, श्वास बहुतेक चालू राहतो, डोळे मात्र उघडेच असतात. म्हणून डोळ्यांत मलम घालतात, वर कापड बांधतात. काम झालं की झायलाझीनवर योहिम्बीनसारखा उतारा देता येतो. केटामाईनवर तसा उतारा नाही, ते शरीरातून ओसरेपर्यंत थांबावं लागतं.

या औषधांनी आपला कायदाही बदलला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००३ साली लागू झालेली दुरुस्ती सांगते, की प्राण्याला पकडणं, गुंगी देणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही अशी खात्री पटल्याशिवाय त्याला मारण्याचा आदेश देता येणार नाही. म्हणजे गोळी घालण्याआधी सुईचा विचार आता बंधनकारक आहे.

यात आपला वाटा कोणता? सुई लागल्यावर जनावर लगेच पडत नाही, काही मिनिटं जातात. त्या मिनिटांत गच्चीवरून आरडाओरडा झाला, फटाके फुटले, तर घाबरलेल्या शरीरात तेच नॉरअ‍ॅड्रिनलीन उसळतं, आणि झायलाझीनचा जोर कमी पडतो. मग दुसरी सुई, वाढती मात्रा, वाढता धोका. मोबाईल घेऊन जमलेली गर्दी तिथे नुसती प्रेक्षक नसते, ती औषधाच्या विरुद्ध काम करते. पशुवैद्य औषध मोजून आणतो. शांतता मात्र आपल्यालाच पुरवावी लागते.