फरक स्पष्ट करा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त झालं चिरंजीवांच्या फोनचं. "बाबा, ते दोन जुने मोबाईल अजून कपाटात कशाला ठेवलेत? एक्स्चेंजमध्ये दोन्ही देऊन टाकू, तुम्हाला एक चांगला नवा घेऊ." मी नेहमीप्रमाणे "बघतो" म्हणालो. आमच्या घरात "बघतो" म्हणजे नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. पण त्या रात्री दोन्ही फोन काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, आणि अंगात मुरलेला मास्तर जागा झाला.

चौतीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं. प्रश्नपत्रिकेत 'फरक स्पष्ट करा' हमखास असायचं. मुलं पानाच्या मधोमध रेघ मारायची आणि डावीकडे जे लिहिलं त्यालाच उजवीकडे 'नाही' जोडून मोकळी व्हायची. अशा उत्तराचा मी अर्धा गुण कापत असे. तेव्हा आता स्वतःच उत्तर लिहायची पाळी आली आहे तर नीट लिहिलं पाहिजे.

डावीकडे माझा रेडमी नोट ४. उजवीकडे हिचा मोटो जी ५ प्लस. दोन्ही २०१७ सालचे.

ते साल आठवून बघा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट फुकट वाटल्यासारखं झालं. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. मेहकरसारख्या गावात भाजीवालासुद्धा मोबाईलवर पैसे घेण्याची भाषा करू लागला. माझ्याकडे तेव्हा नोकिया ११०० होता, टॉर्चवाला. तो सोडायची माझी मुळीच तयारी नव्हती, पण नातीचं तोंड बघायचं तर स्मार्टफोन हवा, असा घरातला ठराव एकमताने (म्हणजे माझं मत न विचारता) मंजूर झाला.

रेडमी नोट ४ भारतात आला १९ जानेवारी २०१७ ला. तो दुकानात जाऊन घ्यायची सोय तेव्हा नव्हती. ठरलेल्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला संकेतस्थळावर विक्री सुरू व्हायची आणि काही मिनिटांत संपायची. पहिल्याच विक्रीत दहा मिनिटांत अडीच लाख फोन गेल्याचं कंपनीने जाहीर केलं होतं. चिरंजीवांना तिसऱ्या खेपेला मिळाला, १०,९९९ रुपयांना. लहानपणी रेशनच्या रांगेत उभं राहून साखर आणलेला माणूस मी. ही रांग न दिसणारी होती, इतकाच फरक.

मोटो जी ५ प्लस आला मार्चमध्ये. तो हिने स्वतःच्या भिशीच्या पैशांतून घेतला, १४,९९९ रुपयांना. माझ्यापेक्षा चार हजारांनी महाग! मी कुरकुरलो तर म्हणाली, "तुमचा हातात मावत नाही." खरंच होतं. माझा साडेपाच इंची, तिचा ५.२ इंची. माझ्यात बॅटरी ४१०० एमएएच, तिच्यात ३०००. तिचा संध्याकाळी मान टाकायचा, माझा दुसऱ्या दिवसापर्यंत चालायचा. पण तिचा चार्जिंगला लावला की झपाट्याने भरायचा. माझ्या फोनच्या डोक्यावर एक इन्फ्रारेडचा दिवा आहे, त्याने टीव्हीचा रिमोट म्हणून काम भागतं. तिच्यात ते नव्हतं. घरातला खरा रिमोट तिच्याच हातात असे, तेव्हा तिला गरजही नव्हती.

गंमत पुढे आहे. दोन्ही फोनांच्या आत मेंदू एकच! क्वालकॉम या अमेरिकन कंपनीची स्नॅपड्रॅगन ६२५ नावाची चिप, दोन्हीकडे तीच. म्हणजे एकाच आईची दोन लेकरं निरनिराळ्या घरी दत्तक गेलेली.

आणि ही घरंही निरनिराळ्या कुळांतली. मोटोरोला १९२८ सालची, शिकागोची. ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून मार्टिन कूपर यांनी हातातल्या मोबाईलवरून पहिला फोन लावला तो याच कंपनीचा. आणि लावला कोणाला, तर प्रतिस्पर्धी बेल लॅब्जमधल्या जोएल एंगेल यांना! १९७३ साली मी नुकताच बी.ए. होऊन नोकरी शोधत होतो, आणि आमच्याकडे परगावी बोलायचं तर पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावावा लागे. नंबर सांगायचा आणि बाकावर बसून राहायचं. लागला तर इतक्या मोठ्याने ओरडायचं की घरची भानगड अख्ख्या पोस्टाला कळायची. पुढे १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं, सॅम पित्रोदांचं नाव घरोघरी गेलं, आणि एसटीडीचे पिवळे बूथ आले. ३१ जुलै १९९५ ला कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. तरी कित्येक वर्षं येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, म्हणून लोक मिस्ड कॉल देत. मिस्ड कॉलची भाषा हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. असो.

दुसरं कूळ शाओमी. एप्रिल २०१० मध्ये बीजिंगला जन्मलेली, आपल्याकडे आली २०१४ मध्ये. तिच्या नावाचा अर्थ वाचून मला फार आनंद झाला होता. चिनी भाषेत शाओमी म्हणजे राळं! आमच्या लहानपणी राळ्याचा भात असे, नव्या पिढीला शब्दसुद्धा माहीत नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, "मग तुमचा राळ्याचा, माझा गव्हाचा." तेव्हापासून घरात फोनांची नावं राळा आणि गहू.

आता जून २०२० कडे येतो, कारण खरा फरक मला तिथे कळला.

टाळेबंदी थोडी सैल झाली होती. त्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात बातमी आली की लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालंय. लोणार आम्हाला घरचं. कितीदा मुलांच्या सहली नेल्या, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर व्यासाचं ते विवर दाखवून, आकाशातून पडलेल्या दगडाने बेसॉल्ट खडकात पाडलेलं जगातलं हे दुर्मिळ उदाहरण आहे, असं घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. पण पाणी नेहमी हिरवट. गुलाबी कधी बघितलं नव्हतं. पासष्टीपुढच्यांनी बाहेर पडू नये असा सरकारी सल्ला होता. आम्ही दोघांनी तो मोडला, हे कबूल करतो. भाचा गाडी घेऊन आला, तोंडाला रुमाल बांधून सकाळी काठावर उभे राहिलो. खाली उतरलो नाही.

दोघांनीही आपापल्या फोनने फोटो काढले. परत येताना गाडीत बघतो तर काय, दोन तळी! माझ्या फोनात रंग रोझ सरबतासारखा. तिच्या फोनात विटकरी, जरा मळलेला. एकच काठ, एकच सकाळ, दोन पावलांचं अंतर.

"खरा रंग माझ्यात आहे," ती म्हणाली. अर्थातच मीही तेच म्हणालो. भाचा गाडी चालवत होता, तो शहाणा असल्यामुळे गप्प बसला.

नंतर वाचून समजलं ते असं. कॅमेऱ्याच्या आतला काचेचा डोळा लाल, हिरवा, निळा प्रकाश किती आला एवढंच मोजतो. त्याचा रंग किती गडद करायचा, पांढरं कशाला म्हणायचं, हे फोनमधली प्रणाली ठरवते. माझा १३ मेगापिक्सेलचा, तिचा १२ चा, पण तिच्या कॅमेऱ्याचं भिंग जास्त उजेड आत घेणारं. मेंदू एक असला तरी संस्कार वेगळे. इतिहासाच्या तासाला मी हेच सांगायचो की बखरकार आणि इंग्रजांचा वकील एकाच प्रसंगाबद्दल वेगळं लिहितात आणि दोघेही त्या जागी हजर असतात. पण सांगणं वेगळं आणि गाडीत शेजारी बसून भांडणं वेगळं.

पाण्याचे नमुने नागपूरला नीरीकडे आणि पुण्याच्या आघारकर संस्थेकडे गेले. क्षारता वाढली, हॅलोआर्किया नावाचे खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव माजले, त्यांचा तो रंग, असा निष्कर्ष निघाला. तोही टिकाऊ नव्हता. नमुना काही काळ ठेवला की रंग तळाशी बसायचा आणि वरचं पाणी स्वच्छ व्हायचं. म्हणजे आमच्या भांडणाचा निकाल लावायला साक्षीदारही उरला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर यादीत जागा मिळाली.

त्याच जून महिन्यात, १५ तारखेला, गलवानमध्ये आपले वीस जवान हुतात्मा झाले. महिनाअखेर सरकारने ५९ चिनी ॲप बंद केली. गल्लीतली पोरं चिनी वस्तू फेका म्हणत फिरली. एक माजी विद्यार्थी मला म्हणाला, "सर, तुम्ही तरी तो शाओमी वापरू नका. काकूंचा बघा, अमेरिकन आहे." मी त्याला खुर्ची दिली आणि सांगितलं की गूगलने मोटोरोलाचा मोबाईल विभाग २०१२ मध्ये घेतला आणि २०१४ मध्ये चिनी लेनोव्होला विकला. शिवाय या दोन्ही कंपन्या तेव्हा आपल्या बाजारातले फोन दक्षिणेत जोडत होत्या, शाओमी आंध्रात श्रीसिटीला आणि मोटो तमिळनाडूत श्रीपेरुंबुदुरला. "मग फेकायचा कुठला?" त्याने प्रामाणिकपणे विचारलं. हुतात्म्यांच्या फोटोसमोर हा प्रश्न सोपा नव्हता, त्यामुळे मी त्याची चेष्टा केली नाही.

आता शेवटचा फरक. तो रकान्यात बसत नाही.

त्या पावसाळ्यात हिला एक नाद लागला. तिच्या आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या तिला येत. पूर्वी शेजारपाजारच्या बायका लग्नाच्या हळदीला तिला बोलवायच्या. टाळेबंदीत लग्नंच नाहीत. मी सहज म्हटलं, म्हणून ठेव फोनात. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्याचं वाचलं होतं, ते तिला सांगितलं. तिला पटलं. माझ्या फोनात ध्वनिमुद्रणाची सोय आयती होती, पण तो मधेच वाजतो म्हणून तिने नाकारला. भाचीने तिच्या फोनात एक रेकॉर्डर टाकून दिला. दुपारी मी झोपलो की ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची.

२०२२ च्या उन्हाळ्यात ती गेली. त्याबद्दल इथे एकदा लिहिलं आहे, पुन्हा लिहीत नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी तिचा फोन माझ्या हातून पडला. चार्जिंगच्या जागेवरच आपटला. चूक माझीच, एका हातात चहाचा कप होता. बॅटरी उतरली आणि फोन मुका झाला. ओव्या त्याच्या पोटात. कार्डावर नव्हत्या, दुसरीकडे कुठे नव्हत्या. मुलांना आयुष्यभर सांगितलं, उत्तरपत्रिका लिहून झाली की एकदा तपासा. स्वतः मात्र एकदाही तपासलं नाही. अकरा दिवस मी कोणाला सांगितलंसुद्धा नाही. चिरंजीवांचा फोन आला की हवापाण्यावर बोलायचो.

बाराव्या दिवशी स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्या पोराकडे नेला. त्याने चार्जिंगची छोटी पट्टी मागवून बदलली, साडेचारशे रुपये घेतले. फोन सुरू झाला तो नऊ ठिपके दाखवत. ठिपके जोडून उघडायचं हिचं कुलूप मला माहीत होतं, रांगोळीचं सुरुवातीचं वळण आहे ते. पोराने विचारलं, "सर, पाणी देऊ का?"

चिरंजीवांनी सगळं संगणकावर घेतलं. सदतीस फाईली निघाल्या. नावं नाहीत, फक्त तारीख आणि वेळ. नोट ४ माझ्याजवळ आहेच, तो अँड्रॉइड ६ घेऊन आला आणि ७ वर थांबला. तिचा ७ वर आला आणि ८.१ वर थांबला. पुढचं काही ते शिकणार नाहीत. मलाही आता शिकवायचा कंटाळा येतो. चिरंजीवांना मी सांगितलंय, राळा हवा तर ने, टीव्हीला नवा रिमोट घेईन. गहू राहील.

सध्या रोज दुपारी वहीत यादी करतोय, कुठल्या फाईलीत कुठली ओवी. माहेराच्या, भावाच्या, विठोबाच्या असे गट पाडलेत. एकोणतिसावर आलोय. चौदावी फाईल मात्र कुठल्याच गटात बसत नाही. तिच्यात ओवी अर्धीच आहे. मग कुकरची शिट्टी, दार करकरल्याचा आवाज, आणि माझा आवाज येतो, "अगं, चहा झाला का?" त्यावर ती म्हणते, "झाला, थांबा जरा, हे बंद कुठून करतात?" आणि पुढे दोन मिनिटं नुसता पाऊस आहे.